खाऱ्या पाण्याची जुनी मत्स्यपेटी : ती कशी पारखावी व कशी सुरू करावी

सोलापूर जिल्हा समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहे. येथील शेतकऱ्याच्या परिचयाचे मासे म्हणजे उजनी जलाशयातील, भीमा व सीना नद्यांतील किंवा शेततळ्यातील. हे सर्व गोड्या पाण्याचे मासे होत. तथापि, ज्यांना सर्वत्र 'फिश टँक' म्हणतात अशा काचेच्या मत्स्यपेट्या मोठ्या शहरांतून वापरलेल्या स्थितीत व कमी किमतीत विकावयास येतात. त्यांपैकी काही खाऱ्या पाण्याच्या असतात. गावातील हौशी तरुण किंवा शाळा अशी पेटी घेते आणि तिचे पुढे काय करावे हे विचारण्यासाठी ग्रामसेवकाकडे अथवा कृषी सहायकाकडे येते. त्यांना योग्य सल्ला देता यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अशा पेटीची कहाणी बहुधा एकसारखी असते. रविवारी पेटी घरी येते, सोमवारी तीत पाणी व मीठ पडते, मंगळवारी रंगीत मासे आणले जातात, आणि पुढील रविवारच्या आत ते मरतात. मासे विकणाऱ्यास किंवा पाण्यास दोष दिला जातो. वस्तुतः दोष घाईचा असतो. समुद्राचा मासा काचेत राहत नाही व केवळ मिठाच्या पाण्यातही राहत नाही. पेटीतील वाळू, दगड व गाळणी यांवर वाढणाऱ्या जिवाणूंच्या आधारावर तो जगतो. हे जिवाणू वाढण्यास काही आठवडे लागतात. त्यापूर्वी मासा सोडणे म्हणजे ताजे, न कुजलेले शेण रोपाच्या मुळाशी घालण्यासारखे आहे.

मूळ तत्त्व

मासा श्वास घेतो त्याबरोबर त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. ५० लिटर पाण्यात तो साठतो व माशास विष होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२, म्हणजे अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी व उष्ण पाण्यात अमोनियाचा अधिक विषारी अंश वाढतो. चुनखडीयुक्त जमिनीवर उन्हात युरिया उघडा टाकला असता त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते, हा अनुभव शेतकऱ्यांना आहे. दोन्हीचे कारण एकच आहे.

या विषाची विल्हेवाट जिवाणू लावतात. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशास बरेच कमी अपायकारक असते व पाणी बदलून ते काढून टाकता येते. शेतजमिनीत अमोनियम सल्फेट घातल्यावर पिकास नायट्रेट मिळते ते याच क्रियेने.

ही क्रिया जिवाणूंमुळे होते हे १८७७ साली फ्रान्समधील श्लोझिंग व म्युंट्झ या शास्त्रज्ञांनी दाखविले. त्यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. पहिले सुमारे २० दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडला. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले व अमोनिया नाहीसा झाला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली. पुढे ताज्या मातीचे पाणी घालताच ती पुन्हा सुरू झाली. जी गोष्ट त्या नळीत घडली तीच मत्स्यपेटीत घडते. ते २० दिवस कोणासही चुकलेले नाहीत. खाऱ्या पाण्यात तर त्याहून अधिक दिवस धरावे लागतात.

पेटी विकत घेताना

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३६ उंच अशी पेटी सुमारे ६५ लिटरची होते. तळाची वाळू, दगड व वर सोडलेली मोकळी जागा वजा जाता तीत ५० लिटर पाणी राहते. नवशिक्याने याहून लहान पेटी घेऊ नये. पाणी जितके कमी तितका त्यातील बिघाड वेगाने होतो. दोन कण जास्त पडलेले खाद्यही लहान पेटीस बाधते. जागा व पैसा असेल तर याच्या दुप्पट आकाराची पेटी सांभाळण्यास अधिक सोपी जाते.

पेटी दिवसाच्या उजेडात पाहावी. कडांवरून बोट फिरवून काच उडालेली आहे का हे तपासावे. सांध्यातील सिलिकॉन पिवळे पडून सुटू लागले असेल किंवा नखाने उचलले जात असेल, तर पेटी घेऊ नये. घरी आणल्यावर ती अंगणात सपाट जागी, खाली थर्मोकोलचा पत्रा अंथरून, साध्या पाण्याने काठोकाठ भरावी आणि तीन दिवस तशीच ठेवावी. भोवती कोरडा कागद पसरून ठेवल्यास लहान गळतीही कळते.

विक्रेत्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

पहिला प्रश्न : पेटी किती दिवस कोरडी आहे? पेटी चालू असेल व वाळू, दगड, गाळणीचा स्पंज ओला असेल, तर त्यातील जिवाणू जिवंत असतात. जुन्या पेटीचा खरा लाभ तोच होय. दोन महिने माळ्यावर पडलेल्या पेटीतील जिवाणू मेलेले असतात. अशी पेटी केवळ काच म्हणून घ्यावी व तिची किंमतही तेवढीच द्यावी.

दुसरा प्रश्न : पेटीत ताम्रयुक्त औषध घातले होते काय? माशांच्या काही रोगांवर मोरचूद किंवा तांब्याची इतर औषधे वापरतात. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण बुरशी मारते ते या तांब्यामुळेच. वाळू, चुनखडीचे दगड व सिलिकॉन यांत तांबे मुरून राहते व पुढे हळूहळू पाण्यात सुटते. समुद्री गोगलगाय, कोळंबी, खेकडा यांसारख्या कवचधारी जीवांना ते अत्यल्प प्रमाणातही मारते. उत्तर 'होय' असेल तर जुनी वाळू व दगड घेऊ नयेत, आणि त्या पेटीत पुढे मासेच ठेवावेत.

पेटीबरोबर विक्रेता समुद्रातील प्रवाळाचे खडक किंवा समुद्रघोडे देऊ करील. ते घेऊ नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळ, समुद्रघोडे व समुद्रकाकडी यांना संरक्षण आहे. प्रवाळाचा वाळलेला तुकडाही यातून सुटत नाही. अज्ञानाने घेतला तरी तो गुन्हा ठरू शकतो.

पेटी आणताना व धुताना

चालू पेटी हलविताना मासे, पाणी व वाळू वेगळी करावी. भरलेली किंवा अर्धी भरलेली पेटी उचलल्यास तिचे सांधे फुटतात. गाळणीचा स्पंज व चिनीमातीची वलये त्याच पेटीच्या जुन्या खाऱ्या पाण्यात, रुंद तोंडाच्या बादलीत बुडवून आणावीत. वाटेत ती कोरडी पडू नयेत व उन्हात तापू नयेत. प्रवास लांबचा असल्यास बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने बादलीत हवा सोडावी. जुन्या वाळूचा खालचा थर काळा पडलेला असून त्यास सडक्या अंड्याचा वास येत असेल तर ती वाळू टाकून द्यावी. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास असतो व हा वायू माशास विषारी आहे.

कोरडी पेटी साध्या पाण्याने धुवावी. काचेवरील पांढरे क्षार व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतात. साबण व कपडे धुण्याची पावडर यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. बादल्या, मग व नळ्या या कामासाठी नव्या घ्याव्यात व वेगळ्या ठेवाव्यात. डाळिंबाच्या किंवा द्राक्षांच्या फवारणीसाठी वापरलेली बादली कितीही धुतली तरी येथे वापरू नये. फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ केल्याखेरीज पेटीत हात घालू नये. डासांसाठी घरात मारावयाची फवारणीही त्या खोलीत करू नये. त्यातील पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे माशांना फार घातक असतात.

जागा व वीज

भरलेल्या पेटीचे वजन सुमारे ८५ ते ९० किलो, म्हणजे सिमेंटच्या पावणेदोन पोत्यांइतके होते. यास्तव हलके टेबल चालणार नाही. विटांचा पक्का कट्टा किंवा लोखंडी घडवंची करून ती पाणसळीने सपाट करून घ्यावी. पेटी थेट उन्हात, चुलीजवळ किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. घरातील सर्वांत थंड, धाब्याची किंवा उत्तरेकडील खोली उत्तम.

खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. पेटीच्या खटक्यास योग्य भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, आणि गळती होताच वीज तोडणारा स्वयंचलित खटका असणे अत्यावश्यक आहे. प्रत्येक तार खटक्याच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी खटक्यात न जाता झोळातून जमिनीवर पडते. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणांची वीज बंद करावी. शाळेत पेटी असेल तर हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

उपकरणे मोजकी लागतात : हवेचा पंप व स्पंजची गाळणी, पाणी फिरविणारा एक लहान पंप, तापमापक आणि हिवाळ्यासाठी स्वयंनियंत्रित लहान हीटर. वीज गेल्यावर पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर तितक्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात सुमारे पावणेसातच. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून घरात असावा.

पाणी

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते समुद्राच्या काठावरच. तेथे समुद्राचे पाणी हाताशी होते. सोलापुरात समुद्र तयार करावा लागतो. हे काही नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांनी किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्रजल बनविण्याची कृती प्रसिद्ध केली होती.

त्यासाठी प्रथम निर्मळ गोडे पाणी हवे. विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते व त्यात नायट्रेटही असू शकते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. गावातील आर. ओ. शुद्धीकरण केंद्राचे पाणी सर्वांत सोयीचे. त्यातील विरघळलेले क्षार लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत असावेत. केंद्रचालकाकडे ते मोजण्याचे लहान यंत्र असते. नळाचेच पाणी वापरणे भाग पडल्यास उघड्या टाकीत २४ तास हवा सोडून किंवा सोडियम थायोसल्फेट घालून क्लोरीन काढावे.

मीठ

स्वयंपाकाचे मीठ घालून समुद्राचे पाणी होईल, ही सर्वांत सामान्य समजूत आहे व ती चुकीची आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम व सोडियम सुमारे ११ ग्रॅम असले, तरी सल्फेट सुमारे पावणेतीन ग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम असतात. मिठागरात पाणी आटत जाते तेव्हा आधी चुना व जिप्सम खाली बसते, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडू पाण्यात राहून जातात. म्हणजे मिठागरातील जाडे मीठही संपूर्ण समुद्र नव्हे. पिकास केवळ युरिया घालून स्फुरद व पालाश मिळत नाही, तसेच हे आहे. यास्तव मत्स्यपेटीसाठी मिळणारे तयार समुद्री मिश्रणच वापरावे.

प्लास्टिकच्या स्वच्छ पिंपात आधी पाणी घ्यावे व त्यात मिश्रण थोडे थोडे घालावे. आधी मीठ व वरून पाणी घातल्यास काही क्षार न विरघळता गोठतात. प्रमाण पाकिटावर दिलेले असते. ते सामान्यतः लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम असते. ५० लिटरांस पावणेदोन ते एक किलो नऊशे ग्रॅम मिश्रण लागते. हवा सोडून ते २४ तास ढवळत ठेवावे.

खारेपणा अंदाजाने किंवा चवीने ठरवू नये. त्यासाठी घनतामापक घ्यावा. दूध संकलन केंद्रावरील लॅक्टोमीटरचे तत्त्व तेच आहे. परंतु तो दुधासाठी व वेगळ्या तापमानासाठी आखलेला असतो, म्हणून तोच वापरू नये. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ च्या दरम्यान असावे.

तळ व दगड

नदीच्या वाळूत माती व लोह असते, ती टाळावी. कोंबड्यांना घालतात तो शिंपल्याचा भरड चुरा, त्यात औषध वा अन्य काही मिसळलेले नसल्यास, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवून तळास दोन-तीन सेंटिमीटर पसरावा. चुनखडीच्या या चुऱ्यामुळे पाणी आम्ल होण्यास काही अंशी आळा बसतो. दगडांसाठी शहाबादी फरशीचे कोरे तुकडे घ्यावेत व ते पक्के रचावेत. ढासळून ते काचेवर पडता कामा नयेत. न रंगविलेल्या, चांगल्या भाजलेल्या मातीच्या खापऱ्यांना बारीक छिद्रे असतात व त्यांत जिवाणू चांगले वसतात. माशांना लपण्यासाठीही त्या उपयोगी पडतात. प्रवाळाच्या खडकाची उणीव अशा प्रकारे भरून काढता येते.

पेटी मुरविणे

पाणी भरून, गाळणी व पंप चालू करून, पेटी माशाविना ठेवावी. लोणचे मुरावे तशी ती मुरू द्यावी. मात्र जिवाणूंना अन्न हवे, म्हणून रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया होतो.

अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट तपासण्याचे रंगबदलाचे संच मत्स्यसामग्रीच्या दुकानात मिळतात. जुन्या पेटीबरोबर आलेला संच मुदत पाहून मगच वापरावा. दर तीन दिवसांनी तपासणी करून वहीत नोंद करावी. नोंदी पुढील क्रमाने येतात :

१. पहिल्या आठवड्यात अमोनिया वाढतो.
२. नंतर अमोनिया उतरू लागतो व नायट्राइट वाढते. याच वेळी पाणी स्वच्छ दिसते व बहुतेक लोक फसतात.
३. शेवटी दोन्ही शून्यावर येतात व नायट्रेट दिसू लागते.

यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. खाद्य टाकल्यानंतर २४ तासांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य, अशी नोंद सलग तीन दिवस आली म्हणजे पेटी मुरली असे समजावे. मधल्या काळात काचेवर तपकिरी थर धरतो. त्याने घाबरून पेटी धुवू नये. मुरल्यावर निम्मे पाणी बदलावे.

चालू पेटीतील ओला स्पंज व वलये मिळालेली असतील तर हा काळ बराच कमी होतो. तरीही तपासणी सोडू नये व पहिले दोन आठवडे एकच मासा ठेवावा.

पहिले मासे

पहिला प्रयोग महाग समुद्री माशावर करू नये. मोली हा गोड्या पाण्याच्या दुकानात मिळणारा स्वस्त मासा खाऱ्या पाण्यातही जगू शकतो. दोन-तीन मोली बादलीतील त्यांच्या गोड्या पाण्यात ठेवून, नव्या सलाइनच्या नळीने पेटीतील खारे पाणी थेंबथेंब सहा ते आठ तास सोडावे व मग त्यांना पेटीत घ्यावे. महिनाभर ते निरोगी राहिले, तर पेटीवर व स्वतःच्या सवयींवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

त्यानंतर मोली काढून क्लाऊन जातीच्या माशांची एक जोडी आणावी. ५० लिटर पाण्यास एवढेच मासे पुरेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांचे बंदिस्त प्रजनन साध्य केलेले असून पैदास केंद्रांतील पिले मिळू शकतात. अशी पिलेच मागावीत. ती पेटीस व तयार खाद्यास सरावलेली असतात आणि त्यांच्यासाठी समुद्रातील खडक ओरबाडले जात नाहीत. निसर्गात हा मासा समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो, पण पेटीत त्यास समुद्रफूल लागत नाही. नवशिक्याने ते ठेवूही नये. नीट सांभाळल्यास हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. विकत घेणाऱ्याने ही जबाबदारी आधी ध्यानात घ्यावी.

नवा मासा प्रथम दुसऱ्या टबात दोन ते चार आठवडे वेगळा ठेवून रोगाची लक्षणे पाहणे इष्ट. नवी शेळी कळपात सोडण्यापूर्वी वेगळी बांधतात, त्यातलाच हा प्रकार. खाद्य दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागला किंवा कल्ले भराभर हलवू लागला, तर खाद्य बंद करून हवा वाढवावी व लगेच चौथाई ते निम्मे पाणी बदलावे. त्यासाठी २० ते २५ लिटर तयार खारे पाणी नेहमी झाकून ठेवलेले असावे.

सोलापूरचा उन्हाळा

समुद्री माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात हवा ४० अंशांवर जाते. पेटी सुरू करण्याचा मुहूर्त म्हणून उन्हाळा टाळावा; पावसाळ्याच्या अखेरीस सुरू केलेली पेटी उन्हाळ्यापर्यंत चांगली मुरते.

येथील उन्हाळा कोरडा असल्याने बाष्पीभवनाने पाणी चांगले थंड होते. पेटीचे झाकण काढून त्या जागी जाळी घालावी व लहान पंख्याचा झोत पाण्यावर सोडावा. खिडकीस वाळ्याचा किंवा गोणपाटाचा ओला पडदा लावावा. पाण्यात एकदम बर्फ टाकू नये. बंद बाटलीत गोठविलेले पाणी थोडा वेळ तरंगत ठेवणे चालते.

बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ मागे राहते. ५० लिटरांच्या पेटीतून रोज लिटरभर पाणी उडाले व त्याजागी खारे पाणी भरत गेले, तर पाच दिवसांत खारेपणा लिटरला ३५ ग्रॅमवरून साडेअडतीस ग्रॅमवर जातो. निचरा नसलेल्या बागायती जमिनीत पाणी उडत जाऊन क्षार वर येतात व जमीन खारवट होते, त्याच मार्गाने पेटी बिघडते. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी व घटलेले पाणी रोज आर. ओ. च्या गोड्या पाण्यानेच खुणेपर्यंत भरावे.

काढलेले खारे पाणी कोठे टाकावे

दर आठवड्यास पाच लिटर पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालावे. नायट्रेट कमी ठेवण्याचा हा साधा उपाय आहे. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज पिळून घ्यावा. नळाच्या पाण्याखाली धुतल्यास जिवाणू मरतात.

हे काढलेले पाणी मात्र परसातील झाडांस, शेतात, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ कदापि टाकू नये. पाच लिटरांत १७५ ग्रॅम क्षार असतात. वर्षाचा हिशेब सुमारे ९ किलो होतो. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त मानतात. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५० असते. एका झाडाच्या आळ्यात हे पाणी वर्षभर पडले तर ते आळे निकामी होईल. शहरात ते गटारात सोडावे. गावात गच्चीवर किंवा अंगणात उथळ सिमेंटच्या अथवा प्लास्टिकच्या थाळ्यात ते उन्हाने आटू द्यावे आणि उरलेले मीठ गुरे व शेत यांपासून दूर, कचरा संकलनात द्यावे. ते मीठ खाण्यास किंवा गुरांना चाटण्यास वापरू नये. नको झालेले मासे विहिरीत, ओढ्यात किंवा जलाशयात सोडू नयेत.

ग्रामसेवकांसाठी

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या परसातील संवर्धन घटकांचा समावेश करण्यात आला होता. त्यामुळे कित्येकांना एका पेटीवरून व्यवसायाची कल्पना सुचते. अशा व्यक्तीने प्रथम एक पेटी सर्व ऋतूंतून, विशेषतः एका उन्हाळ्यातून, नेऊन दाखवावी. वहीतील नोंदी सांभाळाव्यात. आणि नंतरच जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे त्या वेळी लागू असलेल्या योजनांची चौकशी करावी. कर्ज आधी व अनुभव मागून, असा क्रम धरू नये.

शाळेत पेटी आली असेल तर तिचा सर्वांत मोठा उपयोग पहिल्या सहा आठवड्यांतच आहे. मासे नसलेल्या पेटीचे पाणी मुलांनी तीन-तीन दिवसांनी तपासून अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट यांचे आलेख फळ्यावर काढावेत. एक रेषा चढते व उतरते, तिच्यामागून दुसरी चढते व उतरते आणि तिसरी वाढत जाते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले म्हणजे शेतातील मातीत खताचे काय होते हेही त्यांना समजेल.

पेटी घेऊन येणाऱ्यास ग्रामसेवकाने सर्वप्रथम एकच गोष्ट सांगावी : आज मासे आणू नका. तपासणीचा संच आणा, वहीत आजची तारीख लिहा आणि पाणी मुरू द्या.